बेचाळीस चालती घड्याळं

आत्याबाईंच्या मते जगात दोन प्रकारची माणसं होती. ज्यांना काच लावता येते ती, आणि उरलेला कचरा. पहिल्या प्रकारात त्या एकट्याच होत्या.

काच म्हणजे त्यांच्या भावाच्या घड्याळाच्या दुकानाची रस्त्याकडची शोकेस. घरात तिला कुणी शोकेस म्हणत नसे. दर तीन महिन्यांनी आत्याबाई आतून पडदा ओढून, चपला बाहेर काढून, तोंडात टाचण्या धरून त्या काचेत शिरायच्या आणि दोन दिवसांनी बाहेर यायच्या. एकतीस वर्षं त्यांनी हे केलं. कधी कापसाचे हंस, कधी पुठ्ठ्याचा किल्ला, कधी निळ्या साटीनचा धबधबा, आणि त्यावर घड्याळं अशी मांडलेली, की पट्टीने मोजलं तरी दोन घड्याळांमधलं अंतर केसभर चुकायचं नाही. सगळ्यांचे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर. तसे लावले की कंपनीचं नाव झाकलं जात नाही आणि घड्याळ हसल्यासारखं दिसतं, हा धंद्याचा नियम. काचेतल्या घड्याळाला किल्ली द्यायची नाही, हा दुसरा. चालतं घड्याळ चार दिवसांत मागेपुढे होतं, आणि शेजारशेजारची दोन घड्याळं वेगळी वेळ दाखवायला लागली की दुकानाची अब्रू रस्त्यावर येते.

लग्नाचं म्हणाल तर तीन स्थळं आली होती. एकाच्या खिशाला दोन पेनं होती. दुसऱ्याचे मोजे एकमेकांशी जुळत नव्हते. तिसरा बिचारा सगळ्या बाजूंनी नीट होता, पण त्याने काचेतल्या हंसांना बदकं म्हटलं. आत्याबाई भावाच्याच घरी राहिल्या.

भावाबद्दल तर बोलायलाच नको. त्याला स्वतःच्या बुटाची नाडी धड बांधता येत नव्हती. पण घड्याळाच्या कंपनीचा नियम असा, की दर तिमाहीला दुकानाच्या काचेचा फोटो पाठवायचा. कंपनी तो तपासून, मागे शिक्का मारून परत करायची, आणि ज्याची काच चांगली त्याला मानपत्र द्यायची. त्या प्रत्येक फोटोच्या मागे भावाने ठसठशीत अक्षरात लिहिलेलं असायचं, 'सजावट : मालक स्वतः'. अकरा मानपत्रं मिळाली त्याला. आयत्या बिळावर नागोबा! आत्याबाईंनी ती अकराच्या अकरा भिंतीवर टांगलेली पाहिली, आणि प्रत्येक वेळी तिरकी टांगली गेली आहेत एवढंच म्हणाल्या.

आणि वहिनी? वहिनीला तर त्या माणसांच्या मोजणीतच धरत नसत. घड्याळवाल्याची बायको असून ही बाई वेळ विचारली की आधी खिडकीबाहेर उन्हाकडे बघायची. लग्न होऊन आल्या दिवसापासून आत्याबाईंनी तिचं वर्णन एका वाक्यात केलं होतं, "भात बरा करते." त्यात पुढे भर घालावी असं त्यांना कधी वाटलं नाही.

भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. भाच्याने दुकान विकलं, आता तिथे मोबाईलची कव्हरं लटकतात. आत्याबाई त्या रस्त्याने जात नाहीत. दुकान रिकामं करताना भाच्याला गल्ल्याखालच्या खणात ते सगळे फोटो सापडले, आणि त्याने ते कुणाला तरी दाखवले. त्या कुणीतरीने दुसऱ्या कुणाला सांगितलं, आणि अशा रीतीने एका गुरुवारी दुपारी संग्रहालयातला तज्ज्ञ घरी आला.

तज्ज्ञ म्हणजे पस्तिशीचा, दाढी राखलेला, पिशवीतून पांढरे हातमोजे काढून घालणारा माणूस. जुन्या दुकानांच्या काचांच्या फोटोंचं प्रदर्शन तो भरवणार होता. भाच्याने आत्याला आठवडाभर आधी सगळं समजावून सांगितलं होतं. एकोणीस दुकानं, प्रत्येक दुकानाचा एकच फोटो, भिंतीएवढा मोठा केलेला. खाली तीन ओळी. दुकानाचं नाव, वर्ष, आणि काच कुणी लावली त्या माणसाचं नाव.

"या वेळी तुझं नाव, आत्या," भाचा म्हणाला होता. "बाबांनी काय लिहिलंय ते राहू दे. मी सांगितलंय त्यांना."

"मला काय करायचंय नाव घेऊन," आत्याबाई म्हणाल्या होत्या, आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, भिंतीवर, भिंतीएवढ्या फोटोखाली. आयुष्यभर नाक मुरडत आलेल्या या बाईला एक गोष्ट हवी होती, आणि ती इतकी हवी होती, की गुरुवारी सकाळपासून त्यांनी टेबल तीनदा पुसलं.

तज्ज्ञाने फोटो टेबलावर मांडले. सव्वाशेला आले असतील. आत्याबाईंनी पाहिलं तर त्याने एकही ओळ सरळ लावली नव्हती.

"हे हंस बघा," त्यांनी बोट ठेवलं. "यांच्या माना तारेच्या. एकेका मानेला दीड तास लागला."

"हो ना, छान आहेत," तज्ज्ञ म्हणाला आणि पुढचा फोटो उचलला. किल्ल्यावर तो जरा थांबला. "त्या काळी असे किल्ले सगळीकडे करायचे, नाही? आमच्याकडे सात आलेत."

सात! आत्याबाईंनी भाच्याकडे बघितलं. भाचा छताकडे बघत होता. धबधब्यावर तज्ज्ञ "हं" म्हणाला, जहाजावर "हं हं" म्हणाला, आणि चांदण्या रात्रीच्या काचेवर, जिच्यासाठी आत्याबाईंनी दोनशे चांदण्या हाताने कापल्या होत्या, त्याने हातमोजा सारखा केला. गाढवाला गुळाची चव काय, असं आत्याबाई मनात म्हणाल्या. पण खरं सांगायचं तर फोटोतले हंस त्यांनाही जरा बदकांसारखे दिसायला लागले होते, आणि त्यामुळे त्यांचा राग आणखी वाढला.

आणि मग तज्ज्ञाचा हात थांबला. एक फोटो त्याने दोन्ही हातांनी उचलला, खिडकीपाशी नेला, भिंग लावलं. बराच वेळ तो तिथून हललाच नाही.

"हा," तो शेवटी म्हणाला. "हाच. बाकीचे आवरून ठेवा."

त्याने तो टेबलावर ठेवला आणि आत्याबाईंनी तो लगेच ओळखला.

त्या फोटोत हंस नव्हते, किल्ला नव्हता, साटीनचा धबधबाही नव्हता. काचेत एका घरातल्या वस्तू होत्या. घडी केलेलं वर्तमानपत्र आणि त्यावर चष्म्याशेजारी ठेवलेलं एक घड्याळ. उशीखालून अर्धं बाहेर आलेलं दुसरं. खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून डोकावणारं तिसरं. साबणाच्या बशीच्या कडेला, शाळेच्या वहीवर, शिवणाच्या डब्यात, पेल्याला टेकून, औषधाच्या बाटलीपाशी. माणसं हातातलं घड्याळ काढून जिथे जिथे ठेवतात, तिथे तिथे एकेक घड्याळ. बेचाळीस.

"आणि हे बघितलंत का?" तज्ज्ञाचा आवाज चढला. "सगळ्यांत सहा वाजून वीस! म्हणजे काचेत चमक येऊ नये म्हणून फोटोग्राफर पहाटे आला असणार, कॅमेऱ्याचं झाकण अर्धा मिनिट उघडं ठेवलं असणार, आणि बघा, सेकंदाचा काटा कुठेच नाही. एकाही घड्याळात नाही. नुसता धुरकट पंखा. कारण ती चालू होती! सगळी! मी हजार काचांचे फोटो बघितलेत, सगळ्यांत मेलेली घड्याळं. ही एकच काच जिवंत आहे."

त्याने फोटो उलटा केला. मागे भावाच्या नेहमीच्या 'मालक स्वतः'वर कंपनीचा लाल शिक्का होता, 'नामंजूर', आणि खाली पेनाने लिहिलेलं, 'काटे नियमाप्रमाणे नाहीत'. तज्ज्ञ खदखदून हसला. "एकच जिवंत काच, आणि तीच नापास केली यांनी! सांगा, तुमच्या डोक्यात हे आलं कसं?"

आत्याबाईंना सगळं आठवत होतं. त्या साली त्यांच्या पोटातली गाठ काढली होती, अकरा दिवस दवाखान्यात होत्या. तिमाही संपत आली होती, कंपनीला फोटो जायचा होता, आणि भाऊ डोक्याला हात लावून बसला होता. त्याच्या बायकोने काच लावली. आत्याबाई दवाखान्यातून रिक्षाने परत आल्या तेव्हा काचेपुढे माणसांचा घोळका उभा होता. लोक आपापल्या मनगटावरचं घड्याळ काचेतल्या घड्याळांशी जुळवत होते, उशी दाखवून हसत होते. आत्याबाई टाके सांभाळत दुकानात शिरल्या आणि पडदासुद्धा न ओढता काच उपसायला लागल्या. "काचेत मोरी मांडून ठेवलीय!" त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "उद्या इथे पायपुसणंही आणून टाकशील!" उशी त्यांनी दुकानाच्या मधोमध फेकली. वहिनी दारात उभी होती. तिने उशी उचलली, झटकली, बाकीच्या वस्तू टोपलीत भरल्या आणि घरी गेली. त्यानंतर ती त्या काचेजवळ फिरकली नाही. भाचा तेव्हा चार वर्षांचा होता.

म्हणजे हे दोघींनाच माहीत होतं. त्यातली एक आता स्वयंपाकघरात कप विसळत होती.

"आत्या?" भाचा म्हणाला. "तुझीच ना ही?"

तज्ज्ञाने वही उघडली होती. तिसऱ्या ओळीची जागा मोकळी होती.

"मग काय तुझ्या बापाची?" आत्याबाई म्हणाल्या.

भाचा हसला. तज्ज्ञाने लिहून घेतलं. आत्याबाईंचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आणि मग त्या शहाण्याने मान वर करून विचारलं, "पण एक सांगा, हे जमवलं कसं? किल्लीची घड्याळं दिवस-दीड दिवसात बंद पडतात. बेचाळीस घड्याळं एका वेळेवर ठेवायची म्हणजे काय करत होतात तुम्ही?"

आत्याबाईंनी तोंड उघडलं. घड्याळाच्या दुकानात एकतीस वर्षं काढलेल्या, दुसऱ्याच्या कामात खोट काढण्यात कुणालाही हार न जाणाऱ्या आत्याबाईंना यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. त्यांनी कधी एका घड्याळाला किल्ली दिली नव्हती. "करायचं म्हटलं की होतं," असं काहीतरी त्या पुटपुटल्या. तज्ज्ञ पेन धरून थांबून राहिला.

"पहाटे पाचला उठायचं," दारातून आवाज आला.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तो फोटोपासून लांब ठेवला, ओलं नको म्हणून.

"आधी सगळ्यांना किल्ली द्यायची. शेवटपर्यंत पिळायची नाही, दोन वळसे बाकी ठेवायचे. मग भिंतीवरचं मोठं घड्याळ समोर घेऊन एकेकाचे काटे सारखे करायचे. पाऊण तास जायचा. उजव्या अंगठ्याची साल निघाली, मग डाव्याने. दोन घड्याळं काही केल्या मागे पडायची. ती साबणाच्या बशीपाशी ठेवली होती, तिथे कोणी निरखून बघत नाही." तिने कप पुढे सरकवला. "असं करायच्या वन्सं. मी बघायचे ना रोज."

"वा!" तज्ज्ञ म्हणाला, आणि भिंग घेऊन साबणाची बशी शोधायला लागला. "खरंच की! सहा अठरा!"

आत्याबाईंनी चहा घेतला नाही. तज्ज्ञाने त्यांचे दोन फोटो काढले, एक बसलेला आणि एक त्या फोटोकडे बघतानाचा. मग त्याने सामान पिशवीत भरायला घेतलं, भाचा त्याला हातभार लावायला लागला, आणि आत्याबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

"तू खोटं का बोललीस?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. "मी तिथे नव्हते हे तुला माहितीय."

"माहितीय की. मीच तर डबा घेऊन यायचे दवाखान्यात." वहिनीने कप उपडा घातला. "काच आवरली की भात टाकायचा, भात झाला की डबा. तुम्ही म्हणायचात, मीठ कमी आहे."

"मग सांगायचं नाहीस? तुझी काच आहे, तुझं नाव लागायला पाहिजे."

वहिनी वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रुसवाही नव्हता. राग असता तर आत्याबाईंनी तो परतवला असता, त्यात त्यांचा हात कोण धरणार? वहिनीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, जसं उतरलेली भाजी घ्यावी की नको म्हणून बघतात, आणि म्हणाली, "मला कशाला हवी ती? मी माझं करून मोकळी झाले तेव्हाच. तुम्हाला फार हवीय, वन्सं. सकाळपासून टेबल पुसताय. पोर दुकानात हट्ट धरून बसलं की देतातच ना हातात काहीतरी? तसंच. घ्या."

आणि ती पुन्हा कप विसळायला लागली.

तुच्छतेची पारख आत्याबाईंना नसेल तर कुणाला असणार? अठ्ठ्याहत्तर वर्षं तो माल त्यांनी दोन्ही हातांनी वाटला होता. खरा कोणता आणि नुसता फुत्कार कोणता, हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. हा खरा होता. जुना, मुरलेला. हा आजचा नव्हे, हेही त्यांना कळलं. ज्या बाईला त्या पस्तीस वर्षं मोजणीत धरत नव्हत्या, तिने त्यांना केव्हाच मोजून, किंमत करून, बाजूला ठेवून दिलं होतं, आणि वर रोज वेळच्या वेळी जेवायला वाढलं होतं. त्यांना भावाची आठवण झाली. 'मालक स्वतः'. त्याच्या नावाने त्या इतकी वर्षं बोटं मोडत होत्या, आणि आज पहिली संधी मिळाल्याबरोबर त्यांनी नेमकं तेच केलं होतं. त्यातही त्याने निदान बहिणीचे हंस मोडले नव्हते. त्यांची कानशिलं तापली. लाज वाटणं म्हणजे काय, हे त्यांना नीटसं ठाऊक नव्हतं, म्हणून आधी त्यांना वाटलं रक्तदाब वाढलाय.

बाहेर दार लागल्याचा आवाज आला. तज्ज्ञ निघाला होता.

आत्याबाई दिवाणखान्यातून जवळजवळ धावल्याच. गुडघ्यांनी बोंब मारली. भाचा "अगं, काय झालं?" म्हणत मागे आला, त्याला त्यांनी कोपराने बाजूला सारलं आणि जिन्यात आल्या. घर तिसऱ्या मजल्यावर. तज्ज्ञ दुसरा मजलाही ओलांडून गेला होता, कठड्यावरून त्याच्या हातातली पिशवी तेवढी दिसत होती. जिना उतरणं काही जमण्यातलं नव्हतं. आत्याबाईंनी कठडा धरला आणि खाली वाकून ओरडल्या.

"ओ! ओ फोटोवाले!"

पिशवी थांबली. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं आणि शेजारीण बाहेर डोकावली. या बाईबद्दल आत्याबाईंचं मत फार वाईट होतं, कारण ती दोरीवर कपडे कसेही वाळत घालायची.

"ती काच माझी नाही!" आत्याबाई ओरडल्या. "नाव खोडा माझं! माझ्या भावजयीने लावली ती. मी मोडली! चार दिवस होती, पाचव्या दिवशी मी येऊन मोडली!"

जिन्यात आवाज घुमला आणि विरला. आत्याबाईंची छाती धपापत होती. मागे दारात भाचा उभा होता, आणि त्याच्या मागे ओल्या हातांनी वहिनी. आत्याबाईंनी मागे वळून बघितलं नाही. चला, झालं, सुटले, असं त्यांना वाटलं.

खालून तज्ज्ञाने मान वर केली. त्याने ऐकायला कानामागे हात धरला होता.

"काय म्हणालात, आजी? गाडी गेली हो बाहेरून, काही ऐकू आलं नाही. जरा परत सांगता का?"

शेजारणीने सगळं ऐकलं होतं. ती आता दारातून बाहेर येऊन, कपड्यांचे चिमटे हातात घेऊन, वर बघत उभी होती. तिच्यामागे तिची सून आली. आत्याबाईंनी घसा साफ केला आणि तेच सगळं पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात, सावकाश सांगितलं.